चालू काय आहे ते सांगा

बर्फाच्या डब्यात चमचा घातला आणि तो थेट खाली प्लास्टिकला लागला. आवाज झाला तो एवढासाच, पण मी फ्रीजच्या उघड्या दारात तसाच उभा राहिलो. डब्यात चार तुकडे उरले होते, तेही एकमेकांना चिकटलेले. दुपारचे अडीच वाजले होते. आतल्या खोलीत ही खुर्चीत बसली होती आणि तिनं दोन बोटं वर केली होती. खोकल्याची उबळ यायला लागली की ती दोन बोटं वर करते आणि मी वाटीत बर्फाचा चुरा घेऊन धावतो, अशी आमची सध्या पद्धत आहे. खोकला हा या घराचा शत्रू आहे. चौदा दिवसांपूर्वी हिच्या स्वरतंतूवरची गाठ काढली. गाठ साधी निघाली, ती चिंता मिटली. पण डॉक्टरबाईंनी दोन आठवडे कडक मौन सांगितलं. बोलायचं नाही, कुजबुजायचं तर त्याहून नाही, हसायचं नाही, रडायचं नाही आणि खोकला येतोय असं वाटलं की लगेच बर्फ चघळायचा. चौदाव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, घरीच, शांतपणे दोन शब्द बोलून बघायचे. दोनच. मग दुसऱ्या दिवशी दाखवायला यायचं. "आवाज येईल," त्या म्हणाल्या होत्या, "पण कसा येईल ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित पहिलाच येईल, कदाचित दुसराच कुठला तरी." तिसरी एक शक्यता त्यांनी बोलून दाखवली नव्हती, पण ती आम्ही दोघांनी आपापल्या जागी ऐकली होती. आज चौदावा दिवस होता.

ते चार तुकडे मी फोडून वाटीत नेले. उबळ बसली. हिनं डोळे मिटून मान हलवली, म्हणजे झालं, जा आता. मी परत येऊन फ्रीजसमोर उभा राहिलो. इथे सांगायला हवं की मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पाण्याची घनता चार अंशांना सर्वांत जास्त असते हे मी इतक्या वर्गांना, इतक्या आवेशानं सांगितलं की मुलं मला पाठीमागे 'चार अंश' म्हणायची. त्यात माझ्या डोक्याच्या घनतेचाही उल्लेख होता, हे मला निवृत्त व्हायच्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्यानं हसत हसत सांगितलं. तर असा मी. पाणी बर्फ होताना नेमकं काय होतं ते मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकतो, आणि माझ्या स्वतःच्या फ्रीजमध्ये ते का होत नाही याचा मला पत्ता नव्हता. मी आत डोकं घातलं, दार आपटलं, परत उघडलं, मागे जाऊन धूळ बघितली. गॅस गेला असणार, असं मोठ्यानं म्हणालो. काही बिघडलं की गॅस गेला म्हणायचं हा पुरुषांचा जुना आधार आहे. ट्रेमध्ये पाणी घालून ठेवलं, पण त्याला चार तास लागणार, आणि मग ते दगड टॉवेलात बांधून लाटण्यानं कुटायचे. सहाला साडेतीन तास उरले होते. त्यात एक जरी जोराची उबळ आली तर चौदा दिवसांचं सगळं पाण्यात.

हा आपोआप बर्फ करणारा फ्रीज घेतला हिनंच, आणि घेतला तेव्हा मी पोटभर टिंगल केली होती. ही टेलिफोनच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर होती, अठ्ठावीस वर्षं. त्या अठ्ठावीस वर्षांत तिनं गार पाणी प्यायलं नाही. उन्हातान्हात आम्ही बापलेक सरबतं ढोसायचो आणि ही तांब्यातलं साधं पाणी घोटघोट प्यायची; घसा ही तिची हत्यारपेटी होती. निवृत्त झाली त्या आठवड्यात म्हणाली, मला आता बर्फ खायचाय, भरपूर, आणि तो मला न मागता मिळायला पाहिजे. मी म्हटलं, दोन माणसांना हा थाट कशाला, आपल्याकडे काय रोज मेजवान्या झडतात? तिनं माझ्याकडे बघितलं आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाली, "साहेब, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." दुसऱ्या दिवशी फ्रीज आला. तेव्हापासून दर दीड तासानं फ्रीजच्या पोटात 'खळ्ळ' व्हायचं, साच्यातला बर्फ डब्यात पडायचा, आणि ही जिथे असेल तिथून म्हणायची, पडला बघा. जणू काही घरात कुणी पाहुणं आलं. मला सुरुवातीला त्या आवाजानं दचकायला व्हायचं, पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे अशी वेळ आली की तो आवाज आणि तिचं 'पडला बघा' यांतलं आधी कुठलं आणि नंतर कुठलं ते मला सांगता आलं नसतं.

शेवटी मी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. हात मोकळे असावेत म्हणून स्पीकर चालू केला. सात मिनिटं संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलायला लागली आणि आतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ही उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दोन आठवड्यांत ती औषधाच्या वेळेशिवाय स्वतःहून उठली नव्हती. पण कुठेतरी कुणीतरी तक्रार घेतंय म्हटल्यावर तिला बसवेना. "काय प्रॉब्लेम आहे, सर?" मुलगी म्हणाली. हिनं जोरात मान हलवली: चुकलं. मी प्रॉब्लेम सांगितला. गाठीपासून सुरुवात केली. मुलगी म्हणाली, मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू करा, सर. ते करून झालंय म्हटलं, न करताच. मग टेक्निशियन शुक्रवारी येईल, सर. आज मंगळवार होता. माझा पारा चढला. माझ्या बायकोला आज सहा वाजता, असं मी सुरू करतो न करतो तोच हिनं ओट्यावरची पाटी उचलली. ही पाटी लेकीनं आणून दिलेली, खालचा दट्ट्या ओढला की पुसली जाणारी, लहान मुलांची. त्यावर तिनं भराभर लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. मी बावळटासारखं ते मोठ्यानं वाचलं: "तिच्यावर ओरडू नका. घसा बसलाय तिचा. पाणी प्यायला सांगा."

"सर?" मुलगी म्हणाली.

"माझी बायको म्हणते आहे," मी म्हणालो. "तुमचा घसा बसलाय. कोमट पाणी प्या म्हणते."

"सकाळपासून बोलतेय हो," मुलगी म्हणाली, आणि आता तो कागदावरून वाचणारा आवाज नव्हता. "कुणाच्या लक्षातच येत नाही. मॅडमना थँक्यू सांगा."

फोन बंद झाल्यावर मी ओट्याला टेकून उभा राहिलो. सात मिनिटांच्या संगीतानंतर चार मिनिटं ती मुलगी माझ्या कानाशी होती आणि मला फक्त शुक्रवार ऐकू आला होता. हिला दारातून, अर्ध्या मिनिटात, तिचा घसा ऐकू आला. आणि मला गंमत वाटली, किंवा गंमत नाही, लाज म्हणतात तिच्या जवळचं काहीतरी. कारण अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की आमची ही टेलिफोनमध्ये आहे, फोन उचलते. फोन उचलते! जसं काही फोन जड असतो आणि तो उचलायला माणूस ठेवलाय. एकदा एका दुकानात ही काहीतरी विचारत होती आणि शेजारी उभा असलेला पन्नाशीचा माणूस गर्रकन वळला. "तुम्ही तक्रारीच्या टेबलावरच्या ना?" म्हणाला. त्यानं हिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याचे वडील अत्यवस्थ होते त्या दिवशी त्याच्या घरचा फोन मुका झाला होता, आणि शेजाऱ्याच्या फोनवरून त्यानं तक्रार केली तेव्हा हिनं लाइन लागेपर्यंत वीस मिनिटं त्याला एकट्याला सोडलं नव्हतं. हे त्यानं तिथे, वजनकाट्याशेजारी उभं राहून सांगितलं. मी पिशवी धरून उभा होतो. घरी येताना मी हिला विचारलं, तू मला कधी सांगितलं नाहीस हे? ती म्हणाली, "अहो, रोजचंच आहे." आणि खरंच ते रोजचं होतं, हे मला आज, हातात रिकामा बर्फाचा डबा घेऊन, पहिल्यांदा नीट कळत होतं.

हिनं स्टूल ओढलं आणि बरोबर सिंकच्या पुढ्यात मांडून त्यावर बसली. पाटी मांडीवर घेतली. 'आता मी,' असं लिहून मला दाखवलं. दट्ट्या ओढला. मग तिच्या त्या बारक्या, उजवीकडे झुकलेल्या, नोंदवहीतल्या अक्षरात लिहिलं: 'चालू काय आहे ते सांगा.' हे वाचून मला एकदम फार वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मी उत्तरपत्रिका तपासत होतो, आणि ती तिच्या नव्या मदतनीस मुलीबद्दल सांगत होती, की ती पोरगी लोकांना आधी काय बिघडलंय ते विचारते. "तसं विचारायचं नसतं हो," ही म्हणाली होती. "फोन बंद पडला की माणसाला सगळंच बुडालं असं वाटत असतं. काय बिघडलंय विचारलं की तो सगळं आयुष्य सांगत बसतो. चालू काय आहे ते विचारलं की तो बघायला लागतो. बघायला लागला की शांत होतो." मी बहुधा हुं म्हणालो असेन. त्या गठ्ठ्यात माझी तीन प्रश्नांच्या गुणांची बेरीज चुकली होती एवढं मात्र आठवतंय.

"दिवा लागतोय," मी म्हणालो. तिनं पाटीवर एक खूण केली. बोट खालच्या कप्प्याकडे केलं. मी मटारचं पाकीट काढून ओट्यावर आपटलं, दगड. थर्मामीटर आणून आत ठेवला, पाच मिनिटांनी बघितला: उणे अठरा. हे मी जरा अभिमानानं सांगितलं, जणू थंडी मीच पाडली. खूण. मग तिनं हवेत बोटानं एक वाकडी रेघ काढली. बर्फाच्या यंत्राच्या कडेला एक तार असते, डबा भरला की ती वर उचलली जाते आणि यंत्र थांबतं. तार खाली होती. खूण. मग अंगठ्यानं दाबल्याची क्रिया. मी यंत्राचं तपासणीचं बटण दाबून धरलं. साचा कण्हला, उलटा झाला, परत सुलटा झाला. म्हणजे मोटर चालू. खूण. माझा गॅस केव्हाच निकालात निघाला होता आणि मला त्याचं वाईटही वाटेनासं झालं होतं. पंधरा मिनिटांत त्या भल्यामोठ्या पांढऱ्या कपाटाचं रहस्य कमी कमी होत मुठीएवढं राहिलं होतं. ती एक टप्पा सोडत नव्हती, घाई करत नव्हती, आणि तोंडातून चकार शब्द न काढता तिनं मला, एका हेकट म्हाताऱ्या मास्तराला, आज्ञाधारक विद्यार्थी करून टाकलं होतं. तिनं लिहिलं: 'साचा ओला की कोरडा?' मी बोट घातलं. खडखडीत कोरडा. तिनं मान डोलावली आणि लिहिलं: 'पाणी?'

"पाणी येतंय की," मी म्हणालो. "नळाला आहे ना." आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला माझा स्वतःचा हात दिसला, सिंकखालच्या अंधारात, फ्रीजकडे जाणाऱ्या नळीच्या छोट्या तोटीवर.

तो दवाखान्यातला दुसरा दिवस होता. दुपारी ही गुंगीत होती आणि परिचारिकेनं मला आंघोळ-जेवण करून या म्हणून हाकललं होतं. मी घरी येऊन ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी गिळत होतो आणि फ्रीजमध्ये खळ्ळ झालं. मी म्हणालो, "काय पडलं गं?" म्हणालो आणि वाट बघितली. खरोखर वाट बघितली, घास हातात धरून. मग आंघोळीला गेलो. जरा आडवा झालो. दीड तासानं परत खळ्ळ झालं आणि मी उठून "आलो, आलो" म्हणत स्वयंपाकघरापर्यंत पोचलो होतो. तिथे कुणी नव्हतं. ओटा कोरडा होता, तिचा टॉवेल खुंटीला होता. मला एकदम भयंकर राग आला, त्या यंत्राचा, कारण ते तिच्यावाचून चाललं होतं, आणि ती नसली तरी घर असंच आवाज करत राहील हे ते मला दर दीड तासानं सांगणार होतं. मी गुडघ्यावर बसलो, सिंकखाली हात घातला आणि तोटी आवळून बंद केली. मग घर गप्प झालं, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच मला पुढे आठवायचं नसावं. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तेव्हा हिनं पाटीवर 'घर?' एवढंच लिहिलं होतं आणि मी म्हणालो होतो, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ती घरी आली. डबा काठोकाठ होता, तो दोन आठवडे पुरला, आणि मी ती तोटी साफ विसरलो.

आता आठवल्यावर सांगून टाकायचं की नाही? पण ज्या बाईला सहा वाजता आपला आवाज आहे की गेला ते बघायचंय तिला कसं सांगायचं, की तू घरात आहेस असं भासवणारा आवाज मला सोसेना म्हणून मी तो बंद केला? तू जिवंत असताना? मी म्हणालो, "नळी गोठली असेल. पाण्याची. असं होतं." आणि केस वाळवायचं यंत्र आणून फ्रीजच्या मागच्या नळीवर गरम हवा सोडायला लागलो. वर सुप्त उष्णतेबद्दलही चार वाक्यं बोललो. "तू जरा आत पड ना," म्हणालो, "इथे गार लागेल." ती उठली नाही. ती सिंकच्या दारासमोरच बसली होती, आणि मी वीस मिनिटं एका धडधाकट नळीला शेकत होतो. वितळून थेंबभर पाणीही आलं नाही, कारण गोठलेलं काही नव्हतंच. मग मी बटण बंद केलं. ती माझ्याकडे बघत होती. विचारत नव्हती, रागावलेली नव्हती, नुसती लाइनवर थांबली होती. तिनं मला मागे एकदा सांगितलं होतं, की खोटं बोलणारा माणूस आधी एक छोटा श्वास घेतो, फोनवर तो स्पष्ट ऐकू येतो. आणि तेव्हा काही बोलायचं नसतं, थांबायचं असतं.

मग तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, 'माझी झोप मोडू नये म्हणून बंद केलंत ना?' म्हणजे तिला माहीत होतं. चार-पाच दिवसांतच तिच्या लक्षात आलं असणार, की डबा खाली जातोय आणि वरून काही पडत नाही. तिचे कान ते. आणि ती मला कारण देत होती, तयार, चांगल्यातलं, घडी घालून. हे मी ओळखलं, कारण ते तिनं पूर्वी एकदा केलं होतं. शाळेतला फोन बंद होता म्हणून मी तावातावानं समोरच्या दुकानातून तक्रार केली होती, आणि पलीकडून हिचाच आवाज आला होता. "साहेब, रिसीव्हर नीट ठेवला आहे का?" मी म्हणालो होतो, मी विज्ञानाचा शिक्षक आहे. "हो साहेब. तरी एकदा बघा." परत जाऊन बघितलं तर रिसीव्हर वाकडा होता, हजेरीपटाच्या कोपऱ्यावर टेकलेला. त्या संध्याकाळी घरी आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. पुढे खूप वर्षांनी, तिच्या निरोपाच्या समारंभात, कुणीतरी गमतीनं जुनी नोंदवही आणली होती, तीत ती तारीख मी शोधली. तिनं लिहिलं होतं: 'तपासलं. बरोबर.' चूक ज्याची असेल त्याची इभ्रत राखायची आणि लाइन चालू करायची, हे तिचं काम होतं, आणि त्या दोन शब्दांत किती जणांची अब्रू तिनं झाकली असेल कोण जाणे.

मी हो म्हणालो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. उलट मीच शहाणा आणि प्रेमळ ठरलो असतो. पण मला ते घेववेना. मी फरशीवर बसलो, तिच्या स्टुलाशी, कारण उभं राहून सांगता येईना, आणि म्हणालो, "झोपेबिपेसाठी नाही. तू दवाखान्यात होतीस तेव्हाच बंद केली. बर्फ पडला की मला वाटायचं तू आहेस. दोनदा बोललो मी तुझ्याशी. तिसऱ्यांदा बोलायची वेळ येऊ नये म्हणून बंद केली. घाबरलो होतो गं मी." आणि मग म्हणालो, "आवाज बंद झाल्यावर मला बरं वाटलं." हे सांगायचं नव्हतं, पण ते आलंच बाहेर.

तिचा गळा हलला आणि मी घाबरलो, कारण रडायची तिला मनाई होती. तिनं डोळे मिटून तीनदा सावकाश श्वास घेतला, मला वाटतं असा श्वास ती कचेरीतही घेत असावी, एखादा फोन संपल्यावर आणि दुसरा उचलायच्या आधी. मग लिहिलं, आणि पाटी लहान म्हणून दोनदा पुसून लिहिलं. आधी: 'मी तिकडे कॉरिडॉरमधल्या प्रत्येक पावलाला तुम्ही आलात असं समजायचे.' दट्ट्या. मग: 'मला बंद करता आलं असतं तर मीपण केलं असतं.' दट्ट्या. मग, ठळक: 'उघडा आता.' आणि पाय बाजूला घेतले.

तोटी उघडली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. नळीतून सूं करून हवा गेली, मग पाणी. साच्यात पाणी पडल्याचा बारीक आवाज आम्ही दोघांनी, फ्रीजच्या दाराला कान लावून, ऐकला. आमची डोकी एकमेकांना लागली. त्यानंतर दीड तास करण्यासारखं काही नव्हतं आणि तोच दीड तास मला सगळ्यांत जड गेला. दुरुस्ती चालू होती तोवर सहा वाजणार आहेत हे बाजूला राहिलं होतं. आता घड्याळ समोर होतं. मी तिचा आवाज आठवायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, की तो मला आठवत नाही. शब्द आठवत होते, 'अहो रोजचंच आहे', 'साहेब नोंदवून घेतली आहे', पण ते माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात उमटत होते. तो गोड वगैरे नव्हता, गाणाऱ्या बायकांचा असतो तसा. बेतलेला होता, मध्यम उंचीचा. त्याला घाई नव्हती. एवढंच मला सांगता येत होतं, आणि हे एखाद्या हरवलेल्या माणसाचं वर्णन पोलिसांत द्यावं तसं होतं. ही मात्र खुर्चीत बसून जुनं मासिक चाळत होती, आणि पानं एका लयीत उलटत होती. या बाईचं सगळं कर्तृत्व एका गोष्टीवर उभं होतं आणि ती गोष्ट तासाभरानं असेल की नसेल हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ती पानं उलटत होती. मी असतो तर एव्हाना सगळ्या घराला कामाला लावलं असतं. मला तिचं कौतुक वाटलं, आणि ते नुसतं मनात वाटून ठेवायची माझी जुनी खोड आठवून मी म्हणालो, "तू फार मोठी आहेस गं." तिनं मासिकातून वर बघितलं, कपाळावर हात मारून घेतला आणि परत वाचायला लागली.

पाच पस्तीसला बर्फ पडला. पहिला घाणा टाकून द्यायचा असतो, मी म्हणालो. तिनं त्यातला एक तुकडा सिंकच्या नळाखाली धुऊन तोंडात टाकला. मी दुसरा खाल्ला. प्लास्टिकची किंचित चव होती, बाकी उत्तम.

सहाला दोन मिनिटं कमी असताना तिनं आपला मोबाइल उचलला, मला स्वयंपाकघरातच थांबा अशी खूण केली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मला आधी वाटलं तिला एकटीला करायचंय हे. देवासमोर नाही, आरशासमोर नाही, कुणाच्याही तोंडाकडे न बघता. मी ओट्याला धरून उभा राहिलो. भिंतीपलीकडे काही ऐकू येतंय का बघत होतो आणि ऐकू येऊ नये असंही वाटत होतं. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर तिचंच नाव होतं. ती मला फोन करत होती. तिला ते जिथे जमत आलं होतं तिथेच करून बघायचं होतं, आणि मी समोर नको होतो, माझा चेहरा नको होता. फक्त माझा कान हवा होता.

मी फोन उचलला. आधी नुसता श्वास आला. मग कुणीतरी म्हणालं, "हॅलो."

जाड आवाज. खाली बसलेला, अर्धा वारा, शेवटी चिरलेला. कुठल्यातरी दुसऱ्या घरातली, माझ्याहून वयानं मोठी कुणी बाई. समोर तिचं नाव दिसत असताना, ती दहा पावलांवर आहे हे माहीत असताना, माझ्या तोंडून गेलं, "कोण बोलतंय?"

जीभ हासडून टाकावी असं वाटलं. माफ कर म्हणावं, दार ढकलून आत जावं, हसून काहीतरी गंमत करावी, एकेक मनात आलं आणि एकही करवलं नाही. मी लाइनवर थांबलो.

"मी," ती म्हणाली.

ना त्यात रुसवा होता, ना आवाज कसा वाटला अशी विचारणा. तिनं मला फक्त माहिती दिली, आणि ती अशा काही रुबाबात, की कोण मी, असं पुढे विचारायची कुणाची छाती झाली नसती.

"बोल," मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं, की डॉक्टरबाईंनी दिलेले दोन्ही शब्द संपलेत. ती बोलणार नव्हती. पण फोन ठेवतही नव्हती. मग मीच सांगायला लागलो. "जाड झालाय," मी म्हणालो. "वारा सुटतोय थोडा. शेवटी जरा चिरतो. मी ओळखला नाही, खरं सांगतो. पण ऐकू येतंय. अगदी नीट ऐकू येतंय मला."